माझ्या आईची मुलगी: किशोरांसाठी फँटसी काढणाऱ्या संपादकांना खुलं पत्र

संपादक मंडळींना स. न. वि. वि.

हे पत्र आधी मी लेखिकेलाच लिहायला बसले होते. मायना लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. ज्यांच्या पुस्तकांनी मला रात्र रात्र जागवलं, त्यांना 'तुम्ही असं का केलंत' म्हणून जाब विचारायला पेन धजेना. दोन दिवस कागद तसाच पडून राहिला आणि मग लक्षात आलं, की माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. लेखक थकतो, घाईत असतो, वीस वर्षांपूर्वी आपणच काय लिहून ठेवलंय ते विसरतो. तसं झालं तर त्याचा हात धरायला छापखान्याच्या अलीकडे एक माणूस बसवलेला असतो. त्या खुर्चीत तुम्ही आहात, म्हणून पत्र तुम्हाला.

पुस्तकाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी ते काढलं त्यांना चार परिच्छेदांत ओळख पटेल. ज्यांनी काढलं नाही त्यांनी आपापल्या याद्या आठवून बघाव्यात. पात्रांची नावं बदलली तर हे पत्र त्यांच्याही पत्त्यावर पोचेल, अशी मला दाट शंका आहे.

आधी जुन्या तीन पुस्तकांबद्दल सांगू द्या. त्याशिवाय माझी तक्रार म्हणजे नुसती कुरकुर वाटेल.

त्या जगात जादू फुकट नाही. मंत्र घातला की घालणाऱ्याचा एक शब्द जातो. कोणता जाणार हे त्याच्या हातात नसतं. गेलेला शब्द त्याला पुन्हा बोलता येत नाही, लिहिता येत नाही. दुसऱ्या कुणी उच्चारला तर त्याला नुसता आवाज ऐकू येतो, शेजारच्या खोलीत भांडं पडावं तसा. मंत्र छोटा म्हणून शब्दही छोट्या मोलाचा जाईल असं काही नाही. एक हमाल थंडीत विझलेली शेकोटी पेटवतो आणि 'आणि' गमावून बसतो. पुढची दीडशे पानं त्या माणसाला दोन गोष्टी एकमेकींना जोडता येत नाहीत. तो म्हणतो, "भूक लागली. थंडी वाजते. तू आहेस." वाचणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग हळूहळू येईनासं होतं. एक म्हातारी गुरू आहे, तिच्याकडे चाळीसेक शब्दच उरलेत. तेवढ्यात ती शिकवते, रागावते, थट्टाही करते.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे थोरला भाऊ नदीचा पूर अडवतो. गाव वाचतं. धाकटी बहीण घाटाकडे पळत येते. तो तिला हाक मारायला तोंड उघडतो आणि तसाच राहतो. या प्रसंगात लेखिकेने दुःख, वेदना, अश्रू यांतला एकही शब्द वापरलेला नाही. तो ओल्या पायरीवर बसतो. शेजारच्या दगडावरचं पाणी बाहीने पुसतो. दगडावर दोनदा थाप मारतो. ती येऊन बसते. प्रकरण संपलं. त्याचा कोणता शब्द गेला ते आपल्याला थेट दुसऱ्या पुस्तकात कळतं. एक अनोळखी नावाडी विचारतो, ही तुझी कोण, आणि तो थोडा वेळ पाण्याकडे बघून म्हणतो, "माझ्या आईची मुलगी."

तीन पुस्तकं, बाराशेच्या आसपास पानं. या माणसाच्या तोंडी 'बहीण' हा शब्द पुन्हा एकदाही येत नाही. मी पेन्सिल घेऊन शोधलाय. दोन ठिकाणी वाटलं, सापडली चूक. नीट वाचलं तर दोन्ही वाक्यं दुसऱ्याच कुणाची होती. इतकी काटेकोर लेखिका. वाचक म्हणून मला त्यांचा आदर वाटायला लागला तो त्या पेन्सिलीच्या दिवसांत. कथा सुचणं ही दैवाची गोष्ट असेल, पण बाराशे पानं एक शब्द टाळत राहणं हे कष्टाचं काम आहे. ते कष्ट घेतले कारण वाचणारा शोधील हे त्यांना ठाऊक होतं.

माझी भाची अकरा वर्षांची असताना मी तिला ही पुस्तकं दिली. ती मोठ्यांच्या विभागात ठेवलेली पुस्तकं होती. तिने काय केलं असेल? वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखले. कोण, काय केलं, कोणता शब्द गेला. वाचता वाचता भरत गेली. तुमच्या धंद्यात कॉपी एडिटर प्रत्येक कादंबरीसाठी स्टाइल शीट ठेवतो ना, पात्रांची वयं, नावांचं लेखन, कुणाच्या कोणत्या हाताला जखम आहे ते सगळं टिपून ठेवणारी? तिला तो शब्दही माहीत नव्हता. तिने ती आपली आपण तयार केली, कारण पुस्तकाने तिच्याकडून तेवढी अपेक्षा केली होती.

आता नवीन पुस्तक.

जाहिरातीत लिहिलं होतं: तेच जग, तीस वर्षांनंतरचा काळ, नायिका त्या भावाची पंधरा वर्षांची मुलगी, वाचकवर्ग बारा वर्षांपासून पुढे. आम्ही दोन प्रती घेतल्या. एकीचं वाचून होईस्तोवर दुसरी थांबली असती हे शक्यच नव्हतं.

पहिली साठ पानं चांगली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मुलगी पहिला मंत्र घालते आणि 'पिवळा' हा शब्द गमावते. दुसऱ्या दिवशी तिला सूर्यफुलांचं वर्णन करायचं असतं आणि ती म्हणते, "दुपारच्या रंगाची." मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसले होते. वाटलं, बाई परत आल्या.

नंतर बाई कुठेतरी गेल्या त्या गेल्याच. मुलगी रडते, लगेच पुढचं वाक्य सांगतं की तिला वाईट वाटत होतं, त्याच्या पुढचं सांगतं का वाईट वाटत होतं, आणि मग तिची मैत्रीण येऊन विचारते, तुला वाईट वाटतंय का? दगडावर दोनदा थाप मारणाऱ्या हातांनी हे लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. दोन मुलगे आहेत. एक घुमा, एक हसरा, दोघांचंही तिच्यावर प्रेम. त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही, तुम्हीही हे दोघे बऱ्याच हस्तलिखितांत पाहिले असतील.

एका रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, एकशे बारावं पान."

मी नव्वदाव्या पानावर होते. म्हटलं, मला सांगू नकोस.

"सांगत नाही. फक्त एवढं सांग, मधे एखादं पुस्तक आहे का, जे आपण वाचलेलं नाही?"

मी पानं उलटून एकशे बारावं काढलं. नायिकेचे वडील, म्हणजे तोच भाऊ, आता म्हातारपणाकडे झुकलेला, मुलीला सांगत असतात, "माझी बहीण तुझ्या वयाची होती तेव्हा..."

सरळ. सहज. स्वल्पविराम देऊन पुढे वाक्य चालू.

आपण वाचतोय ती चूक आहे हे माझ्या भाचीच्या मनातही आलं नव्हतं. तिने आधी स्वतःकडे दोष घेतला. मधलं एखादं पुस्तक राहून गेलं असेल, एखादं प्रकरण नीट वाचलं नसेल, शब्द परत मिळाल्याचा प्रसंग कुठेतरी असेल आणि आपल्यालाच तो दिसला नसेल. दोन दिवस ती जुनी पुस्तकं चाळत होती. तेरा वर्षांची मुलगी दोन दिवस तुमचा बचाव शोधत होती. हे वाक्य मला तुमच्या टेबलावर चिकटवून ठेवावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी तिने वहीतले रकाने काढले आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. सतरा जागा निघाल्या. हमाल अजून जिवंत आहे, आता सत्तरीचा. एकाच पानावर तो चार वेळा 'आणि' म्हणतो. खुद्द नायिका, 'दुपारच्या रंगाची' म्हणणारी, शंभर पानांनंतर पिवळा रुमाल मागते. म्हणजे आपल्याच पुस्तकातलं, त्याच वर्षी लिहिलेलं, तेही कुणी जपलं नाही.

तरीही सतरा चुका मी पोटात घातल्या असत्या. शुद्धिपत्र काढा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा, विषय संपला. पण शेवट वाचल्यावर कळलं की या चुका निष्काळजीपणाच्या असल्या तरी आभाळातून पडलेल्या नव्हत्या. नियमाची कुणाला गरजच उरली नव्हती. शेवटच्या प्रकरणात नायिका नदीच्या उगमाशी जाते, तिथे रडते, तिचा एक अश्रू पाण्यात पडतो आणि जगातल्या सगळ्यांचे सगळे शब्द परत येतात. सव्वा पानात. सरसकट कर्जमाफी. कुणी किती घेतलं होतं, कशासाठी घेतलं होतं, काही विचारपूस नाही.

मला त्या ओल्या पायरीची आठवण झाली. तो शब्द परत मिळणार होता तर दगडावरचं पाणी पुसण्याला काय अर्थ राहिला? नवीन पुस्तक नुसतं वाईट असतं तर मी ते कपाटात मागे सरकवलं असतं. याने मागे जाऊन जुन्या तीन पुस्तकांना हात लावला. आता ते पान उघडलं की मनात येतं, थांब बाबा, तीस वर्षांनी तुझी मुलगी रडेल आणि मिटेल सगळं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, जादूचीच गोष्ट आहे, तिच्यात एवढं काय धरून बसायचं. वास्तववादी कादंबरीत नियम लेखकाला आयते मिळतात. तिथे माणूस छपरावरून पडला तर खाली येणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. फँटसीत जमीन लेखकाने स्वतः घातलेली असते. ती त्यानेच काढून घेतली तर वाचक उभा कशावर राहणार? 'द हॉबिट'चे लेखक टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं होतं, ते पुढे १९४७ मध्ये छापून आलं. त्यांचं म्हणणं असं, की लेखक एक दुय्यम जग रचतो आणि वाचक आत असेपर्यंत तिथलं सगळं खरं मानतो. अविश्वास डोकावला की जादू उतरली. मग आपण बाहेर उभे राहून फसलेल्या जगाकडे बघत बसतो. माझी भाची दोन दिवस दारात उभी होती ती आत शिरायची वाट शोधत. त्याच व्याख्यानात त्यांनी आणखी एक गंमत सांगितली आहे. परीकथा मुलांच्या खोलीत गेल्या त्या मुलांना विशेष आवडतात म्हणून नव्हे, तर मोठ्यांना नकोसं झालेलं जुनं फर्निचर मुलांच्या खोलीत ढकलतात तशा. मोडकं टेबल चालतं, मुलंच तर वापरणार आहेत.

या पुस्तकाच्या बाबतीत नेमकं हेच झालं, असा माझा अंदाज आहे. मोठ्यांसाठी लिहिताना जी लेखिका 'बहीण' टाळायला बाराशे पानं झिजली, तिला कुणीतरी सांगितलं, किंवा तिनेच मनाशी धरलं, की आता वाचक बारा वर्षांचे आहेत. त्यांना सोसणार नाही. त्यांना कळणार नाही. त्यांच्या लक्षात येणार नाही. ही तीन वाक्यं मी वेगवेगळी लिहिली कारण तीन वेगवेगळ्या अपमानांना एकच गोड नाव दिलं जातं: मुलांची काळजी.

मुलांना सोसत नाही म्हणता? उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या जादूगारांच्या मालिकेतली पहिली कादंबरी १९६८ ची. प्रकाशकाने ती मुद्दाम मागून घेतली होती, थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून. त्यांनी काय दिलं? एक हुशार, गर्विष्ठ मुलगा, जो शाळेतल्या ईर्ष्येपायी मेलेल्याला हाक मारतो आणि एक सावली जगात मोकळी सोडतो. ते भगदाड बुजवताना शाळेचा सगळ्यात थोर जादूगार आपलं बळ खर्ची घालून मरतो. मुलगा वाचतो, पण चेहऱ्यावरचे व्रण शेवटपर्यंत जात नाहीत आणि मेलेला म्हातारा परत येत नाही. पुस्तक फार मोठं नाही. किशोरांसाठी लिहिलंय म्हणून त्यात कुठेही किंमत कमी करून घेतलेली नाही. उलट चूक करणारा त्यांच्याच वयाचा घेतला आहे.

आणि लक्षात येत नाही म्हणता, तर तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट. १९३६ साली स्टॅनली अनविन या प्रकाशकाकडे 'द हॉबिट'चं हस्तलिखित आलं. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी असं त्यांचं मत. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं आणि लेखी अभिप्रायाचा एक शिलिंग दिला. रेनरने लिहून दिलं की पुस्तक चांगलं आहे, नकाशे असले तर चित्रांची गरज नाही, आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहा वर्षांचा! आपल्यापेक्षा लहानांसाठी कसं आहे ते तो गंभीरपणे सांगत होता. पुढच्या वर्षी पुस्तक बाहेर आलं. मला त्या शिलिंगचा हेवा वाटतो. कुणीतरी दहा वर्षांच्या मुलाचं वाचन हे काम समजून त्याची मजुरी दिली.

त्याच पुस्तकाची पुढची हकिगत तर मी तुम्हा सगळ्यांना पाठ करायला लावली असती. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा प्राणी नायक बिल्बोशी कोड्यांच्या खेळात पैजेवर अंगठी लावतो आणि हरल्यावर ती द्यायला तयारही असतो. पुढे टोल्किन 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कथा लिहायला बसले तेव्हा ही अंगठी इतकी भयंकर ठरली, की ती कुणी आपण होऊन देईल हे अशक्य झालं. नियम बदलला. म्हणजे आपल्या बाईंच्या पुस्तकासारखाच पेच. त्यांनी काय केलं? १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं, आणि तेवढ्यावर न थांबता मोठ्या कथेच्या प्रास्ताविकात सांगून टाकलं, की जुनी हकिगत बिल्बोने रचलेली होती. अंगठीवर आपला हक्क दाखवायला तो खोटं बोलला. म्हणजे ज्या वाचकाने जुनी प्रत वाचली होती त्याला वेडं ठरवलं नाही. तू वाचलंस ते बरोबर वाचलंस, तुला सांगणारा खोटं बोलत होता. त्या खोटेपणातून अंगठीची पकडही कळली. चूक निस्तरता निस्तरता गोष्ट आणखी खोल झाली.

एकशे बाराव्या पानावर हे करता आलं नसतं का? समजा भाऊ 'बहीण' म्हणाला असता आणि मुलगी दचकली असती. बाबा, हा शब्द तुमच्याकडे कुठून आला? तेवढ्या एका प्रश्नात अख्खी कादंबरी होती. कुणाकडून घेतला, काय देऊन घेतला, दुसऱ्या कुणाच्या तोंडातून काढला का. माझ्या भाचीला वाचता वाचता हेच वाटलं होतं, म्हणून तर ती मधलं पुस्तक शोधत होती. तुमच्या पुस्तकापेक्षा तिच्या मनातलं न लिहिलेलं पुस्तक बरं होतं.

आता माझ्या बाजूची एक अडचण कबूल करते. आवडत्या लेखकाने निराश केलं असं म्हणणारा वाचक पुष्कळदा स्वतःच हट्टी असतो. मी स्वतः हे केलंय. ले ग्विन यांनी अर्थसीच्या तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, चौथं लिहिलं. त्यात पहिल्या पुस्तकातला तो गर्विष्ठ मुलगा, पुढे महान जादूगार झालेला, आता शक्ती गमावून बसलेला, शेळ्या राखणारा साधा माणूस आहे, आणि पुस्तक व्यापलंय एका मध्यमवयीन बाईने आणि एका भाजलेल्या मुलीने. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले होते. मला माझा जादूगार हवा होता. दहा वर्षांनी पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की तिसऱ्या पुस्तकात जे गमावलं होतं, त्याचा हिशोब त्या चौथ्यात मांडत होत्या. शक्ती गेली म्हणजे गेली; मग सकाळी उठून माणूस काय करतो? लेखिका पुढे गेली होती आणि मी मागे थांबून रुसले होते.

म्हणून या वेळी मी घाई केली नाही. सहा महिने थांबले, जुनी तीन पुन्हा वाचली, मग चौथं. मला जुनंच हवंय म्हणून मी रागावले आहे का, हे तपासून पाहिलं. तसं असतं तर सूर्यफुलाच्या पानावर मी थांबले नसते. ते पान नवीन होतं, या मुलीचं होतं, आणि मला हवं होतं. पुढे जाण्याला माझी ना नाही. इथे लेखिका पुढे गेली नाही. वाचक लहान आहे म्हणून खाली वाकली आणि वाकताना हातातलं सगळं सांडलं.

आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मला चित्र डोळ्यांसमोर येतं. मोठं नाव, पुस्तकाची तारीख आधीच जाहीर झालेली, हस्तलिखित उशिरा आलेलं. मुद्रितं तपासणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ पाहिले असतील, ते खरंच चोख आहेत. पण मागची तीन पुस्तकं शेजारी ठेवून चौथं वाचायला कुणाला बसवलं नाही. आणि बसवलं असेल, त्याला दिसलं असेल, तर त्याने ते वर सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या लेखिकेला कोण सांगणार. नवख्या लेखकाच्या हस्तलिखितावर लाल शाईने झड घालणारे तुम्ही लोक, ज्याचं पुस्तक हमखास खपणार त्याच्यापुढे एकदम वाचक होऊन बसता. तेही भारावलेले. खरं तर ज्याच्या मागे तीन पुस्तकांचं ओझं आहे त्यालाच तुमची जास्त गरज असते. पहिल्या पुस्तकाला विसरण्यासारखं मागे काही नसतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मालिकेतलं पुढचं पुस्तक हातात आलं की मागची सगळी वाचलेला एक माणूस त्या कामावर बसवा, आणि तो माणूस 'हे चालणार नाही' म्हणाला तर ते लेखकापर्यंत पोचेल अशी सोय करा. 'मुलांसाठी आहे' हे कारण कापण्या-जोडण्याच्या कोणत्याही चर्चेत ऐकू आलं तर तिथेच थांबून विचारा, म्हणजे नक्की काय म्हणायचंय? भाषा सोपी करायची असेल तर करा, त्याला कसब लागतं. किंमत सोपी करायची असेल तर कृपा करून मोठ्यांच्या पुस्तकात करून बघा, तिथे निदान कुणी स्वतःला दोष देणार नाही. आणि हे पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा शेवट राहू दे, तो आता लेखिकेचा आहे; पण एकशे बारावं पान तरी सुधारा. त्या माणसाला त्याचं वाक्य परत द्या.

सतरा जागांची यादी तयार आहे. पान, ओळ, कोण बोलतं, शब्द कधी गेला, कोणत्या पुस्तकात. अक्षर सुवाच्य आहे, माझ्यापेक्षा बरं. मागाल तर पाठवून देईन. यादी माझी नसल्यामुळे मी मालकिणीला विचारलं, फुकट द्यायची का? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, नाही. मी तिला रेनरची गोष्ट सांगितली होती, त्याचा हा परिणाम. तेव्हा यादी हवी असेल तर एक शिलिंग लागेल.

कळावे, लोभ असावा.

तुमची एक वाचक